मेरिबेलहून व्हाल तोराँस: एका दिवसात जाऊन परत येता येईल?

रानवारा: फेब्रुवारीत स्कीइंगसाठी सहा दिवस फ्रान्सच्या आल्प्समध्ये, मेरिबेलला मुक्काम आहे. निळ्या म्हणजे सोप्या पिस्टवर (आखलेल्या स्की-उतारावर) आम्ही नीट उतरतो, त्याहून अवघड लाल अजून जमत नाही. त्र्वा व्हाले म्हणजे तिन्ही खोऱ्यांचा लिफ्टचा पास घ्यावा का? आणि शेजारच्या खोऱ्यातल्या व्हाल तोराँसला जाऊन त्याच दिवशी परत येता येईल?

बर्फवाट: येईल, पण हिशेब परतीपासून उलटा मांडा. मेरिबेलच्या वरच्या भागातल्या मोतारेहून प्लातिएरचा गोंडोला (तारेवरून वर जाणारी बंद डब्यांची लिफ्ट), मग कोत ब्र्यूनची लिफ्ट. त्यानं दोन खोऱ्यांमधल्या, २८५० मीटरवरच्या धारेवर पोहोचता. पलीकडे उतरलं की व्हाल तोराँस, २३०० मीटर. परतताना हीच धार पुन्हा चढायची असते, तीही लिफ्टनंच. खोरी जोडणाऱ्या लिफ्ट बंद व्हायच्या आत धारेवर नसलात, तर रस्त्यानं पार तळाच्या मूतिए गावापर्यंत खाली जाऊन पुन्हा वर यावं लागतं. टॅक्सीला दुसरा पर्याय उरत नाही. दुपारी ३ ला परतीच्या लिफ्टमध्ये बसा.

पास मेरिबेल खोऱ्याचाच घ्या. हवा स्वच्छ असेल त्या दिवसापुरता तिन्ही खोऱ्यांचा वाढीव पास घेता येतो. ६०० किलोमीटर पिस्टचा आकडा भुलवतो, पण निळ्यांपुरतं खेळणाऱ्याला रोज तेवढं लागत नाही.

सोलिर२७३८: ३ नाही, अडीच. फेब्रुवारीत फ्रान्समध्ये शाळांना सुट्ट्या असतात, त्या प्रदेशानुसार पाळीपाळीनं लागतात, म्हणून गर्दी महिनाभर हटत नाही. शिवाय दुपारी पाय थकलेले असतात आणि निळी पिस्टही खडबडीत झालेली असते.

वारा सुटला तर सगळ्यात आधी धारेवरच्याच लिफ्ट थांबतात. निघण्याआधी लिफ्टजवळचा फलक पाहा, कोणत्या लिफ्ट आणि पिस्ट चालू आहेत ते कळतं. धुकं असेल तर व्हाल तोराँसचा बेत सोडाच. तिथं झाडं नाहीत, त्यामुळे उतार आणि आकाश एकच पांढरं दिसतं आणि पायाखालचा उंचवटा कळत नाही. अशा दिवशी मेरिबेलच्याच खालच्या झाडीत उतरा.

रानवारा: अडीच पक्कं. पडझड झाली तर?

बर्फवाट: पिस्टच्या कडेच्या खांबावर नाव आणि क्रमांक असतो, खाली उतरावं तसा क्रमांक कमी होत जातो. ११२ ला फोन करून तेवढंच सांगा. पडलेल्या माणसाच्या वरच्या बाजूला स्की आडव्या रोवा. प्रवास विम्यात स्कीइंग धरलंय का ते निघण्याआधी वाचा, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं. पासचं कार्ड डाव्या खिशात, मोबाइलपासून लांब ठेवा, नाहीतर लिफ्टचं फाटक उघडत नाही आणि मागची रांग अडते.