प्रति: भरतीच्या पोराच्या नडग्या दुखतात, ऑपरेशन करावं का?
दादा, पळताना भावाच्या नडग्या दगडासारख्या टाईट होतात आणि थांबलं की बरं वाटतं असं लिहिलंय तुम्ही, मग ऑपरेशनची घाई नका करू की ओ. अमेरिकन सैन्यात कंपार्टमेंट सिंड्रोमवाल्या (पळताना नडगीच्या स्नायूंत दाब वाढून पाय टाईट होतो, दुखतो, तो त्रास) 10 जणांना 6 आठवडे टाच न आपटता चवड्यावर पळायला शिकवलं आणि वर्षभरानंतरही कुणालाच ऑपरेशन लागलं नव्हतं, 2012 चा अभ्यास आहे. गट लहान, पण मला लई आशा वाटते त्यातनं. सोलापुरात पार्क मैदानावर पोरांना मी हेच सांगतो, पाऊल लांब फेकू नको, छोटी पावलं टाक, मिनिटाला 5-10 टक्के जास्त. हळूहळू बदला, नाहीतर पोटरी धरते. आणि हाडावर एकाच जागी बोट लावलं तरी कळ येत असेल तर आधी पळणं बंद, हाडाला चीर असू शकते, डॉक्टरला दाखवाच.