शब्दचर्चा : गेमवर ‘बंदी’, ‘सेन्सॉर’ की ‘मनाई’?

कुळागर (फोंडा)

आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी एक टिपण लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. विषय थोडक्यात असा. ‘रिव्हर्स्ड फ्रंट : बॉनफायर’ नावाचा एक तैवानी मोबाइल गेम आहे. १० जून २०२५ रोजी हाँगकाँग पोलिसांच्या राष्ट्रीय सुरक्षा विभागानं जाहीर केलं की खेळाच्या नावाखाली यातून तैवान आणि हाँगकाँगच्या स्वातंत्र्याचा, सशस्त्र क्रांतीचा प्रचार चाललाय. ज्यांच्या फोनमध्ये असेल त्यांनी लगेच काढून टाकावा. दुसऱ्या दिवशी ॲपलच्या तिथल्या ॲप स्टोअरवर तो दिसेनासा झाला. गूगलच्या स्टोअरवर तर तो तिथं आधीपासूनच मिळत नव्हता.

आता ‘पोलिटिकल सिम्युलेशन गेम’ला मराठीत काय म्हणावं? फोनवरच्या भाषांतरानं ‘राजकीय नक्कल खेळ’ असं दिलं. वाचून वाटतं, गॅदरिंगमध्ये कुणीतरी पुढाऱ्यांच्या नकला करतंय. आणि सरकारनं जे केलं ते नेमकं काय? ‘बंदी’ फार ढोबळ वाटतो, ‘सेन्सॉर’ म्हटलं की सिनेमाची कात्री आठवते. जाणकारांनी मदत करावी.

शेवटचा बाक (म्हापसा)

ताई, गेमला गेमच म्हणा. ‘दृक्श्राव्य क्रीडा’ वगैरे लिहिलंत तर कॉलेजचं एकही पोर वाचणार नाही.

गेम कसा आहे ते सांगतो, म्हणजे शब्द शोधायला बरं. तुम्ही एक बाजू निवडता : हाँगकाँग, तैवान, तिबेट, उइघुर, मंगोल अशा. मग माणसं जमवायची, डाव आखायचे आणि कम्युनिस्ट राजवट उलथवायची. गंमत म्हणजे कम्युनिस्टांची बाजू घेऊन सगळ्यांना हरवायचीही सोय आहे. आपल्याकडच्या मालिकांच्या सुरुवातीला ‘साम्य आढळल्यास निव्वळ योगायोग समजावा’ अशी पाटी येते ना? यांनी ती उलटी केलीय. हे काल्पनिक नाही आणि साम्य आढळलं तर ते मुद्दाम आहे, असं सरळ लिहून टाकलंय.

आम्ही खेळणारे असल्या गेमना नुसतं ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतो.

पाटीपेन्सिल (डिचोली)

शब्द आपल्याकडे तयार आहे आणि शाळा-कॉलेजांत दरवर्षी वापरला जातो : अभिरूप. अभिरूप संसद, अभिरूप न्यायालय. मुलं मंत्री होतात, विरोधी पक्षनेता होतात, सभापती ‘शांतता राखा’ म्हणून टेबल आपटतात. नियम खऱ्या सभागृहाचे, परिणाम मात्र खरा नाही. सिम्युलेशन म्हणजे याहून वेगळं काय? ‘अभिरूप राजकारणाचा गेम’ लिहा, कुणालाही कळेल.

‘सदृशीकरण’, ‘प्रतिरूपण’ हे शब्द विज्ञानाच्या पुस्तकात ठीक आहेत, हवामानाच्या किंवा विमान चालवण्याच्या सिम्युलेशनसाठी. राजकारणाला ते लावले की वाक्याला इस्त्री केल्यासारखं होतं.

सातेरी (पेडणे)

‘लुटुपुटूचं राजकारण’ का नको? लुटुपुटूची लढाई आपण लहानपणापासून म्हणतो. अस्सल शब्द आहे आणि ऐकायलाही गोड.

पाटीपेन्सिल (डिचोली)

गोड आहे म्हणूनच नको. ‘लुटुपुटूचा’ म्हटला की तो पोरखेळ झाला, आणि लुटुपुटूच्या खेळामागे सुरक्षा विभाग लागला म्हणताच पोलीस हास्यास्पद ठरले. अग्रलेखात हे चालेल, तिथं ते शस्त्र म्हणून वापरता येतं. बातमीत किंवा टिपणात नको. शिवाय गेम बनवणाऱ्यांनीच तो लुटुपुटूचा नाही म्हणून सांगितलंय, त्यांच्यावरही तो अन्याय.

शेवटचा बाक (म्हापसा)

सर, एक शंका. अभिरूप न्यायालयाची संहिता बऱ्याचदा आधी लिहिलेली असते, निकालही ठरलेला. गेममध्ये शेवट खेळणाऱ्याच्या हातात. खरा वाद तिथंच होतो. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ घ्या. १९३६ साली जग होतं तसं मांडून देतो आणि पुढचा इतिहास तुम्ही घडवायचा. २००४ मध्ये चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयानं त्याला मनाई केली. कारण काय, तर मांचुरिया, तिबेट, शिंच्यांग नकाशात वेगळे देश दाखवलेत आणि तैवान जपानच्या ताब्यात. आता १९३६ मध्ये तैवान जपानच्याच ताब्यात होता, १८९५ पासून १९४५ पर्यंत. पण तो मुद्दा कुणी ऐकून घेणार?

पाटीपेन्सिल (डिचोली)

शंका बरोबर आहे. पण अभिरूप संसदेत मतदान खरंखुरं होतं आणि ठराव पडतोही. शब्द तेवढं ओझं पेलेल. चालवून बघा.

जुना अंक (पणजी)

‘सेन्सॉर’बद्दल सविस्तर लिहितो, कारण या शब्दाची आपण मराठीत पार चटणी करून ठेवलीय. कुणी फेसबुकवरची पोस्ट उडवली तरी सेन्सॉर, पुस्तक जप्त झालं तरी सेन्सॉर.

मुळात सेन्सॉर म्हणजे आधी पाहणारा. वस्तू लोकांपुढे जाण्याआधी ती एका टेबलावरून जाते. तिथला माणूस पाहतो, खोडतो, कापतो किंवा जाऊ देतो. परिभाषेच्या मराठीत याला ‘अभ्यवेक्षण’ असा जड शब्द आहे, वृत्तपत्रांच्या बाबतीत ‘प्रसिद्धीपूर्व तपासणी’ म्हणतात. महाराष्ट्रात नाटकाची संहिता जिथं दाखवावी लागते त्याचं नाव ‘रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ’. ‘परि’ आणि ‘निरीक्षण’, म्हणजे चहूबाजूंनी नीट बघणं. बघण्याचीच क्रिया. सिनेमाच्या मंडळाच्या नावातून तर १९८३ पासून सेन्सॉर हा शब्द गेलाय, तिथं प्रमाणपत्र देतात. लोक अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतात ही गोष्ट वेगळी, आणि कात्री चालतेच म्हटल्यावर लोकांचं तरी काय चुकलं?

गोव्याला ही ‘आधी बघण्या’ची चांगली ओळख आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात पोर्तुगीज वृत्तपत्रांवर एक ओळ छापलेली असायची : ‘व्हिझादु पेला सेंसुरा’. शब्दशः अर्थ, सेन्सॉरनं पाहिलेले. निषिद्ध, मंजूर, संमत असलं काही नाही, नुसतं पाहिलेले. फाइलवर साहेब ‘पाहिले’ लिहून सही ठोकतात, त्याच जातीचा शब्द. जुनी माणसं तर सांगतात की लग्नाच्या आमंत्रणपत्रिकाही छापण्याआधी दाखवाव्या लागत. आणि पोर्तुगालच्या त्या व्यवस्थेत खोडलेल्या मजकुराची जागा कोरी सोडायलाही मुभा नव्हती. वाचकाला काही कापलंय हेच कळता कामा नये. आणीबाणीत २८ जून १९७५ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी ठेवली, ती कोरी जागा लोकांनी वाचली.

त्या अर्थानं हाँगकाँगच्या गेमचं सेन्सॉर झालेलं नाही. कुणी आधी पाहिला नाही, काही कापलं नाही. तो बाजारात होता, लोक खेळत होते, आणि मग पोलीस आले.

जाता जाता तिसरं क्रियापद. २०१७ च्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, इथंच पणजीत, रवी जाधव यांचा ‘न्यूड’ आणि मल्याळम ‘एस दुर्गा’ हे निवड समितीनं निवडलेले सिनेमे मंत्रालयानं इंडियन पॅनोरमातून काढले. समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. याला बंदी म्हणता येत नाही, कारण ‘न्यूड’ पुढच्या वर्षी रीतसर प्रदर्शित झाला. सेन्सॉरही नाही. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, वगळणे. साधं दिसतं, पण ज्याला वगळलं त्याला विचारा.

सातेरी (पेडणे)

लग्नपत्रिकेचं माझी आजीही सांगायची. बाकी ‘व्हिझादु’चा अर्थ आज कळला. देव बरें करूं.

काळा कोट (मडगाव)

जुना अंक काकांनी क्रियापदांवर बोट ठेवलं ते योग्यच. कायद्याच्या बाजूनं थोडी भर घालतो. माझ्या मते ‘बंदी’ ऐकल्यावर एकच प्रश्न विचारावा : हुकूम कुणाला उद्देशून आहे? दुकानदाराला, बनवणाऱ्याला, की खेळणाऱ्याला?

आपल्याकडचं पबजीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं ११८ ॲप ब्लॉक केले, त्यात पबजी मोबाइल होता. आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ. हा हुकूम दुकानांना आणि सेवा पुरवणाऱ्यांना. ज्यांच्या फोनमध्ये तो होता ते पुढेही खेळत राहिले, ३० ऑक्टोबरला कंपनीनंच सर्व्हर बंद करेपर्यंत. कुणी खेळाडू त्या हुकमामुळे गुन्हेगार ठरला नाही. याला मराठीत ‘ब्लॉक केला’ हेच म्हणावं, किंवा ‘वाट अडवली’. या कलमाखालच्या तक्रारी आणि कारवाई नियमांनुसार गोपनीय ठेवायची असते, त्यामुळे काय ब्लॉक झालं आणि का, हे पुष्कळदा बाहेर येत नाही.

आता राजकोट. मार्च २०१९ मध्ये तिथल्या पोलीस आयुक्तांनी पबजी खेळण्यालाच मनाई करणारा हुकूम काढला आणि मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांना अटक झाली, सरकारी हुकूम मोडला म्हणून कलम १८८ खाली. इथं गेम दुकानात होता तसाच राहिला, अडकला तो खेळणारा. याला शब्द मनाई. जमावबंदीचा मनाई हुकूम निघतो तोच हा शब्द. ‘बंदी’ वस्तूवर येते, ‘मनाई’ माणसाला होते. रोजच्या बोलण्यात आपण ही रेघ पाळत नाही, पण लिहिताना पाळावी.

(त्याच सुमारास आमच्या गोव्याच्या तेव्हाच्या आयटी मंत्र्यांनी पबजी म्हणजे घराघरातला राक्षस म्हटलं होतं. राक्षसाचं पुढे काय झालं ते आपण पाहिलंच. त्याच कंपनीचा देशी अवतार २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये ब्लॉक झाला, २०२३ मध्ये परत आला.)

हाँगकाँगचं प्रकरण राजकोटच्याही पुढचं आहे. पोलिसांनी सांगितलं की गेम उतरवून घेतला तर राजद्रोही हेतूचं प्रकाशन बाळगल्याचा ठपका येऊ शकतो, कुणाला सुचवला तर फुटीरतेला चिथावणी, आणि आतमध्ये पैसे भरून काही विकत घेतलं तर त्या कारवायांना निधी पुरवला असं मानलं जाऊ शकतं. म्हणजे दुकान, मित्र आणि खिसा तिन्ही आले. एका ‘बंदी’त हे कसं मावणार?

कुळागर (फोंडा)

काका, वकीलबाब, दोघांचेही आभार. तुम्ही ‘राजद्रोही’ लिहिलंत. माझ्या मसुद्यात ‘देशद्रोही’ आहे. फरक करायचा का?

काळा कोट (मडगाव)

करायचाच. टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली खटले झाले ते राजद्रोहाचे, भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४अ खालचे. सत्तेविषयी अप्रीती पसरवणं हा त्यातला आरोप. कुणासमोर टिळकांना देशद्रोही म्हणून तर पाहा! ते कलम सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्थगित ठेवलं, १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचं कलम १५२ आलं. त्यात राजद्रोह हा शब्द नाही, सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याची भाषा आहे. हाँगकाँगच्या मार्च २०२४ च्या कायद्यात मात्र सरळ राजद्रोहाचा गुन्हा आहे, तेव्हा तुमच्या टिपणात राजद्रोहच.

जुना अंक (पणजी)

आणि ‘फुटीर’ला अवतरणचिन्हं घाला, किंवा ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ तरी लिहा. हे मी चीनच्या रागापायी सांगत नाही. १९५१ साली पोर्तुगालनं घटना बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. त्या हिशेबानं गोवा पोर्तुगालचा भाग झाला आणि गोवा मुक्त करू पाहणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी फुटीर. आमच्या गावचे जे काका आग्वादच्या तुरुंगात होते त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. शब्द कुणाच्या तोंडचा आहे ते सांगितल्याशिवाय तो आपल्या तोंडी घेऊ नये, निदान गोव्यातल्या माणसानं तरी.

सातेरी (पेडणे)

मग ‘मुस्कटदाबी’ किंवा ‘गळचेपी’ पण चालणार नाही?

जुना अंक (पणजी)

चालेल की, पण मत म्हणून. तुझ्या नावानं लेख लिहितेस तेव्हा खुशाल ‘मुस्कटदाबी’ लिही, मीही लिहीन. टिपणात आधी काय झालं ते सांगायचं. वाचक स्वतःच गळचेपी म्हणाला तर अधिक बरं.

शेवटचा बाक (म्हापसा)

सगळं पटलं, पण शीर्षकाला जागा किती असते माहितीय ना? ‘अभिरूप राजकारणाच्या गेमला हाँगकाँग पोलिसांची मनाई, दुकानातूनही काढला’ एवढं लिहिलं तर पान संपलं. लोक ‘गेमवर बंदी’च लिहिणार. आणि एक राहिलंच, पोलिसांच्या त्या जाहीर सूचनेनंतर गेमची चर्चा आणि शोधाशोध कित्येक पट वाढली. माझ्यासारख्यानं तर नाव पहिल्यांदा तेव्हाच ऐकलं. मनाईला एवढी जाहिरात फुकट मिळते, यालाही एखादा शब्द असेल तर सांगा.

पाटीपेन्सिल (डिचोली)

शीर्षकात ‘बंदी’ चालवून घेऊ, पहिल्या परिच्छेदात हिशेब चुकता करावा.

कुळागर (फोंडा)

असं लिहिलंय, बघा : “तैवानमध्ये तयार झालेल्या एका अभिरूप राजकारणाच्या गेमला हाँगकाँग पोलिसांनी १० जून २०२५ रोजी मनाई केली. हा गेम फोनमध्ये ठेवणं राजद्रोही मजकूर बाळगणं ठरू शकतं आणि इतरांना तो सुचवणं ‘फुटीरते’ला चिथावणी ठरू शकते, असा इशारा पोलिसांनी दिला. दुसऱ्या दिवशी ॲपलच्या तिथल्या स्टोअरवरून तो हटवण्यात आला.” सेन्सॉर हा शब्द कुठंच नाही. शीर्षकात ‘मनाई’च ठेवलंय, संपादकांना जागा कमी पडली तर त्यांनी ठरवावं.

काळा कोट (मडगाव)

उत्तम. फक्त ‘हटवण्यात आला’ नको. कुणी हटवला ते सांगा : ‘ॲपलनं हटवला’. कर्मणी प्रयोगात कर्ता लपतो, आणि असल्या बातमीत कर्ता लपवून कसं चालेल?

कुळागर (फोंडा)

बदललं.