झोन व्हॉल्व्ह उघडतो पण बॉयलर ढिम्म हलत नाही, वायरिंग कळणारं कोणी आहे का?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय, गॅस बॉयलर, गरम पाणी भिंतीलगतच्या बेसबोर्डमधून फिरतं. सर्क्युलेटर (पाणी फिरवणारा) पंप एकच आणि झोन, म्हणजे वेगळा थर्मोस्टॅट आणि व्हॉल्व्ह असलेले घराचे भाग, तीन: खालचा मजला, वरचा मजला, आणि आधीच्या मालकाने बेसमेंट फिनिश करताना घातलेला तिसरा. तिन्हीकडे हनीवेलचे व्ही ८०४३ ई व्हॉल्व्ह आहेत, २४ व्होल्टवाले, शेजारी भिंतीवर ४० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे तो किती लोड पेलेल त्याचं माप) ट्रान्सफॉर्मर.

खालचा किंवा वरचा थर्मोस्टॅट वाढवला की सगळं नीट चालतं. पण नुसता बेसमेंटचा वाढवला तर व्हॉल्व्हचा घुर्रर्र आवाज येतो, तो उघडतोही, पण बॉयलर पेटत नाही आणि पंपही फिरत नाही. मग खालच्या मजल्याने हीट मागितली की बेसमेंटही आपोआप गरम होतं. म्हणजे पाण्याचा मार्ग ठीक दिसतोय. कंपनीचा माणूस बोलावला तर नुसतं बघायलाच भरपूर पैसे सांगतायत, आणि मल्टिमीटर माझ्याकडे आहे. शिवाय बेसमेंटला वायफाय थर्मोस्टॅट लावायचाय, तिथे दोनच वायरी आल्यात. जमेल का?

बॉस्टनची_माई:
अरे, लक्षणं इतकी छान सांगितलीस की अर्धं काम झालंच. आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये हीच सिस्टीम आहे, दर हिवाळ्यात मीच बघते, ह्यांना त्यातलं काही कळत नाही 😄

आधी क्रम समजून घे. थर्मोस्टॅट हीट मागतो, व्हॉल्व्हच्या मोटरला २४ व्होल्ट मिळतात, साधारण १५ सेकंदांत तो उघडतो, आणि उघडता उघडता शेवटी आतला एक छोटा स्विच दाबला जातो, त्याला एंड स्विच म्हणतात. तो बॉयलरच्या टी टी टर्मिनलना (हीट मागण्याचा सिग्नल घेणाऱ्या दोन स्क्रूंना) जोडलेला असतो. तो बंद झाला म्हणजे सर्किट पूर्ण झालं की मगच बर्नर आणि पंप चालू होतात, नाहीतर पंप बंद व्हॉल्व्हवर डोकं आपटत बसेल.

ई मॉडेलला चार वायरी: दोन पिवळ्या मोटरच्या, दोन लाल एंड स्विचच्या. तुझ्या पिवळ्या ठीक आहेत, घोळ लालमध्ये आहे. एकतर त्या जोडलेल्याच नाहीत किंवा स्विच गेलाय. आधी सगळी पॉवर बंद कर (बॉयलरची आणि ट्रान्सफॉर्मरचीही, दोन्ही वेगळ्या असतात), मग बेसमेंटच्या लाल वायरी कुठे जातात ते हाताने धरून बघ. फोटो काढून ठेव आणि वायरींना मास्किंग टेप लावून नावं लिही.

घरगुती_जुगाड:
सोपंय की, लाल वायरी पिवळ्यांबरोबर जोडून टाक, बॉयलरला सिग्नल गेल्याशी मतलब.

पिंपरीचा_पॅनलवाला:
वरच्या भाऊंचं अजिबात ऐकू नका!! मी इथे पिंपरीत कंट्रोल पॅनल वायरिंग करतो, बॉयलर घरचा असो की कंपनीतला, नियम एकच. लाल वायरींचा कॉन्टॅक्ट हा पोटेन्शियल फ्री असतो, त्याच्यातून स्वतःचं व्होल्टेज जायचं नसतं. बॉयलरच्या अ‍ॅक्वास्टॅटमध्ये (बर्नर-पंप सांभाळणारा कंट्रोल, एल ८१४८ ई वगैरे) वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि टी टी वर त्याचंच व्होल्टेज असतं. त्यात भिंतीवरच्या ट्रान्सफॉर्मरचे २४ घातले तर एका म्यानात दोन तलवारी, फेज उलटे पडले की अ‍ॅक्वास्टॅटमधला ट्रान्सफॉर्मर जळालाच म्हणून समजा, आणि तो सुटा मिळत नाही, अख्खा कंट्रोल बदलावा लागतो.

तिन्ही व्हॉल्व्हच्या लाल वायरी एकमेकींना पॅरलल: प्रत्येकाची एक लाल एकत्र करून एका टी ला, दुसऱ्या तिघी एकत्र करून दुसऱ्या टी ला. सीरीजमध्ये घातल्या तर तिन्ही झोन एकदम मागतील तेव्हाच बॉयलर पेटेल.

लोडची काळजी नको. हा व्हॉल्व्ह ०.३२ अँपिअर घेतो, म्हणजे पावणेआठ व्हीए, तीनचे तेवीस, ४० मध्ये आरामात.

मीटर लावताना एक गंमत लक्षात ठेवा, वायरी जोडलेल्या असताना टी टी वर व्होल्टेज मोजलं तर २४ दिसणं म्हणजे स्विच उघडा आणि शून्याच्या आसपास म्हणजे स्विच लागलाय. नवीन माणसाला हे उलटं वाटतं.

एडिसनकर:
माई, पॅनलवाले काका, धन्यवाद! बघितलं. बेसमेंटच्या दोन्ही लाल वायरी कापून त्यांच्या टोकाला वेगवेगळे वायर नट लावून ठेवलेत, कुठेच जोडलेल्या नाहीत. म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलंय. पॅरलल जोडू का सरळ?

बॉस्टनची_माई:
थांब! मुद्दाम कापल्या असतील तर काहीतरी कारण असणार. थर्मोस्टॅट बंद ठेव, लाल वायरी मोकळ्याच राहू दे आणि मीटर कंटिन्यूटीवर (सर्किट जोडलेलं असेल तर बिप देणाऱ्या सेटिंगवर) लाव. बिप यायला नको. आणि व्हॉल्व्हवरचा छोटा लिव्हर हलवून बघ, व्हॉल्व्ह बंद असेल तर स्प्रिंगचा जोर लागतो, मोटरने उघडलेला असेल तर लिव्हर सैल, खुळखुळा लागतो.

एडिसनकर:
थर्मोस्टॅट पूर्ण बंद, लिव्हरला चांगला जोर लागतोय, तरी मीटर सतत बिप!

पिंपरीचा_पॅनलवाला:
मग झालं निदान. व्हॉल्व्ह बंद होतोय, कचऱ्याने अडकलेला नाही, पण आतला स्विच चिकटलाय. त्यामुळे आधीच्या मालकाचा बॉयलर कोणी न मागताही चालू राहत असणार, बिल आलं असणार आणि कोणा मिस्त्रीने स्विच बदलायच्या ऐवजी वायरी कापून दिल्या. तुम्ही तशाच जोडल्या असत्या तर तोच त्रास परत.

बॉस्टनची_माई:
बरोबर. व्हॉल्व्हचं वरचं पॉवर हेड (मोटर आणि स्विचचा डबा) वेगळं मिळतं, हनीवेल ब्रँडचं घरगुती काम आता रेझिडिओकडे आहे, पण डब्यावर हनीवेल होमच लिहिलेलं असतं. नवीन व्हॉल्व्हचं हेड पाणी न काढता निघतं, फारच जुने असतील त्यांचं निघत नाही, म्हणून ऑर्डर करायच्या आधी नेमप्लेटचा फोटो टाक इथे.

वायफाय थर्मोस्टॅटचं म्हणशील तर दोन वायरींवर नको. सी वायर (थर्मोस्टॅटला सतत पॉवर मिळावी म्हणून लागणारी परतीची वायर) नसली की तो व्हॉल्व्हच्या मोटरमधूनच थोडा थोडा करंट चोरतो आणि मग व्हॉल्व्ह गुणगुणत बसतो. बेसमेंट फिनिश्ड असलं तरी सीलिंगमधून १८ गेजची पाच तारांची केबल ओढायला एखादी दुपार पुरते. आर (२४ व्होल्टची वायर) आणि सी दोन्ही भिंतीवरच्या ट्रान्सफॉर्मरवरूनच घे, टी टी वरून चुकूनही नाही.

एडिसनकर:
फोटो संध्याकाळी टाकतो. हेड येईपर्यंत बेसमेंटचं काय करू, बाहेर शून्याखाली आहे आणि पाइप बाहेरच्या भिंतीलगत आहेत.

बॉस्टनची_माई:
लिव्हर खाचेत अडकवून उघडा ठेव, लाल वायरी मोकळ्याच. खालचा मजला हीट मागेल तेव्हा बेसमेंटलाही पाणी फिरेल, म्हणून खालचा थर्मोस्टॅट रात्री फार खाली आणू नकोस.