कोपऱ्यात लिंटेल एकमेकांना आधार देत नाहीत

जुळे सोलापुरातल्या घराला खांबाशिवाय कोपऱ्याची खिडकी काढायची, दोन्ही लिंटेल (खिडकीवरच्या आडव्या तुळया) कोपऱ्यात जोडले की एकमेकांना पेलतील ना, असं तुम्ही विचारलंय. नाही पेलणार. त्या टोकाखाली दोघांनाही आधार नाही, त्यामुळे वजन आलं की कोपरा दोघांना घेऊन खाली वाकतो. दोन्ही लिंटेल आपापल्या भिंतीतून बाहेर आलेल्या छज्जासारखे वागतात.

खरी चूक सळईत होते. साध्या खिडकीवर मधोमध ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून गवंडी सवयीने जाड सळई खाली टाकतात. इथे भिंतीच्या तोंडाशी ताण वरच्या बाजूला येतो. मुख्य सळई वरच हवी, आणि ती भिंतीवरच्या तुळईत लांबवर नेलेली हवी. नुसतं वीतभर बेअरिंग, म्हणजे भिंतीवर टेकलेलं टोक, इथे कामाचं नाही. शिवाय एकाचा वाक दुसऱ्याला पीळ देतो, म्हणून सळयांभोवतीच्या रिंगा बंद आणि जवळजवळ हव्यात.

मला विचाराल तर कोपऱ्यात बारीक का होईना, आरसीसी खांब घ्याच. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आपल्या शेजारचाच. हादऱ्यात भिंती आधी कोपऱ्यातच एकमेकींपासून सुटतात, आणि तुम्ही तोच कोपरा मोकळा करताय. सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सळईचं ड्रॉइंग घ्या.