नवे टायर मागेच, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी

चारपैकी दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी पुढे टाकायची की मागे, हा प्रश्न आहे. काही जण म्हणतात की फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, ब्रेकचा भारही पुढेच, म्हणून नवी जोडी पुढे टाका. ऐकायला पटतं, पण खरी अडचण ओल्या रस्त्यावर येते.

झिजलेल्या टायरच्या खाचा उथळ असतात, पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. पुढचे टायर तरंगले तर स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते. अॅक्सिलरेटर हळूच सोडला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागचे सुटले तर आधी काहीच कळत नाही. वळणावर मागची बाजू थेट बाहेर फेकली जाते, आणि घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की भार पुढे सरकून ती आणखीच सुटते. तिथून गाडी सावरणं सराईत ड्रायव्हरलाही जड जातं. मिशलिनसारखे टायर उत्पादकही नवी जोडी मागेच बसवायला सांगतात.

अर्थात पुढे येणारे जुने टायर धड हवेत. खाचांमधल्या १.६ मिमीच्या खुणेला रबर टेकलं असेल तर चारही बदला. ऑल व्हील ड्राइव्हला, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला, हा नियम सरसकट लावू नका. तिथे नव्या-जुन्या टायरच्या घेरातला फरक डिफरन्शियलला (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरला) सोसत नाही, मॅन्युअल बघा.

आणि हो, पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. ३२२४ म्हणजे २०२४चा ३२वा आठवडा.