मदत हवी आहे : यजमानांची युद्धकाळातील वही आणि जलरंगचित्रे कशी जपावीत?

माझे दिवंगत यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धात, जमालपूरच्या (आता बांगलादेशात) लढाईत लढले होते. युद्धाविषयी ते घरात फारसे बोलत नसत. परंतु निवृत्तीनंतर रत्नागिरीत त्यांनी जमालपूरजवळच्या ‘जुनी ब्रह्मपुत्रा’ नदीचा काठ, तिथली भातखाचरे आणि थकून झोपलेले सोबती जलरंगांत पुन्हा पुन्हा रंगवले, आणि त्यांचे खरे बोलणे त्या कागदांवरच झाले असे मला वाटते.

कोकणातील दमट हवेमुळे चित्रांवर तपकिरी ठिपके पडले आहेत, काही चित्रे फ्रेमच्या काचेला चिकटली आहेत आणि आघाडीवर पेन्सिलीने रेखाटलेली वही घडीवर फाटत आहे. आम्लविरहित पुठ्ठा वापरावा, काच आणि कागद यांत अंतर ठेवावे, हे मला ठाऊक आहे; पण चिकटलेला कागद घरी सोडवण्याचे धाडस होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्राचा कोणाला अनुभव आहे का? मुलांना वही घरात हवी आहे, मला मात्र ती बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरकडे जावी असे मनापासून वाटते; तेव्हा तेथे पत्रव्यवहार कसा करावा आणि तत्पूर्वी वहीचे उत्तम स्कॅनिंग कोठे करून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.