अनुभव धागा : डोंगरातल्या गावचं संग्रहालय आणि तिथली कारागिरी

हिमाचल-उत्तराखंडहून परतलेली मंडळी बर्फावर आणि मॅगीवर भरभरून लिहितात. वाटेतल्या एखाद्या लहान गावच्या संग्रहालयात शिरलेलेही इथे असणारच. त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. हॉटेलं, खर्च नको. काय पाहिलंत आणि काय डोक्यात राहिलं तेवढंच लिहा. सुरुवात मी करते.

हिमाचलातलं चंबा. डलहौसीला सगळेच जातात, आम्ही तिथून खाली रावीकाठी उतरलो. इथलं भुरीसिंह संग्रहालय 1908 सालचं. राजा भुरीसिंहाने घराण्याकडची चित्रं दिली, त्यातून ते उभं राहिलं. मी गेले चित्रांसाठी आणि अडकले रुमालांपाशी. हा रुमाल खिशातला नव्हे. लग्नात भेटीची ताटं झाकायचं कापड. पहाडी चित्रकार कोळशाने आकृती रेखून द्यायचा, बायका न पिळलेल्या रेशमाने ती भरायच्या. म्हणून तर रुमालावरची गोपी लघुचित्रातल्या गोपीची सख्खी बहीण दिसते. चित्र, रुमाल, पुन्हा चित्र अशा तीन फेऱ्या मारल्या. नवरा बाकावर झोपला.

कसुतीवाली
माझी आजी सोलापूरची, इरकली साडीवर कसुतीचं भरतकाम करायची. गाठ मारायची नाही आणि गवंती टाक्याची उलट बाजू सुलटीसारखीच दिसली पाहिजे, नाहीतर उसवायला लावायची. त्यामुळे चंबा रुमालाच्या 'दो-रुखा', म्हणजे दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या टाक्याचं कौतुक ऐकून मी मनात म्हटलं, त्यात काय एवढं! पण कसुतीत दोन्हीकडे सारखी येते ती रेघ, तीही कापडाचे धागे मोजून. इथे अख्खा भरलेला रंग दोन्हीकडे सारखा यावा लागतो, आणि मोजायला काही नाही, नुसता कोळशाचा आकार. गावात एक बाई दारात बसून भरत होत्या. त्यांनी कापड दोन-तीनदा उलटंपालटं केलं आणि विचारलं, सुलटी बाजू कोणती? मी चुकले. त्या हसल्या, मग सुईत रेशीम कसं ओवायचं तेही दाखवलं. न पिळलेला धागा बोटाला जरा खरखर असली तरी अडकतो, माझ्या बोटांना तर अडकलाच. याच कामासाठी चंब्याच्या ललिता वकील यांना 2022 साली पद्मश्री मिळाली, हे मला परत आल्यावर कळलं. लाज वाटली.

दगडधोंडे
रुमालांवर सगळे लिहितील, मी दगडांवर लिहितो. त्याच संग्रहालयात पाणवठ्यावरच्या कोरीव शिळा आहेत. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने झऱ्याला दगडी तोंड बांधायचं आणि वर ही शिळा उभी करायची. कोरलेल्या आकृती, काहींवर शारदा लिपीतला लेख. आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतो, पण त्यासाठी लढाईत पडावं लागतं. इथे पुण्य पाण्याचं. बाई हंडा भरता भरता कुणा मेलेल्याची आठवण काढत असेल, हे चित्र मला फार आवडलं. अर्थात संग्रहालयातल्या शिळेतून पाणी येत नाही, तेवढं खटकलं.

भीमतालरिटर्न
चंबा नाही, उत्तराखंडातलं कुमाऊँ चालेल ना? भीमतालला यशोधर मठपाल यांनी उभं केलेलं लोकसंस्कृती संग्रहालय आहे. मठपाल म्हणजे भीमबेटकाच्या शैलचित्रांचे अभ्यासक, आणि ती पीएचडी त्यांनी आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात केली! मला तिथे ऐपण भेटलं. गेरूने सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचं पातळ वाटण बोटांनी ओढायचं. रांगोळीसारखं चिमटीतून सोडायचं नाही, बोट टेकवून रेघ काढायची. मी घरी उंबऱ्यावर करून पाहिलं. पीठ पातळ झालं, रेघा फुटल्या, लक्ष्मीची पावलं बदकाची झाली. सासूबाईंनी काहीही न बोलता पुसून टाकली.

नुसतीवाचक
आम्ही सोमवारी पोचलो आणि चंब्याचं संग्रहालय बंद. चूक आमचीच, आधी बघून निघायला हवं होतं. मग लक्ष्मीनारायणाची देवळं पाहिली आणि चौगानावर, म्हणजे गावातल्या मैदानावर बसून शेंगा खाल्ल्या. धागाकर्तीला एक विचारायचं होतं : रुमाल घेतलात का?

धागाकर्ती
एक घ्यायचा होता. किंमत ऐकून नवऱ्याची झोप उडाली. चंबा चपला घेतल्या, त्या मात्र रोज घालते.